परदेशाची सहल : आधी कागद, मग तिकीट

फैजपूरच्या बाजारात पूर्वी पासपोर्टचा विषय निघाला की दोनच कारणे समजली जात. घरातले कोणी हजला निघाले असावे, नाही तर मुलगा नोकरीसाठी आखाती देशात चालला असावा. आता तसे राहिलेले नाही. केळीचे व्यापारी, कापड दुकानदार, फर्निचरवाले, शिलाईकाम करणारे आपले बांधव चार मित्रांची कुटुंबे मिळून दुबई, मलेशिया, उझबेकिस्तान पाहून यावे, असे बेत आखू लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. वर्षभर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने आपण जग पाहावे, बायकामुलांनाही दाखवावे. मात्र वीस-पंचवीस माणसांची सहल ही सहा-आठ महिन्यांची भागीदारी असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुकानाची भागीदारी आपण स्टॅम्प पेपरवर करतो. सहलीचा लाखोंचा व्यवहार मात्र "आपलीच माणसे आहेत" म्हणून तोंडी होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच मित्रमंडळीत सहा कुटुंबांची सहल ठरली. माणसे बावीस. एका भाईंनी सर्वांच्या वतीने विमान तिकिटांची अनामत आपल्या दुकानाच्या खात्यातून भरली आणि "तुम्ही सवडीने द्या" म्हणाले. पुढे एका घरी वडील आजारी पडले, ते कुटुंब थांबले. दुसऱ्या घरातील दोन पासपोर्टांची मुदत सहा महिन्यांहून कमी उरल्याचे व्हिसाच्या वेळी कळले. गेलेली अनामत परत आली नाही आणि ते नुकसान कोणी सोसायचे, हे आधी बोललेच गेले नव्हते. सहल झाली, फोटोही निघाले. पण त्या भाईंचे आणि एका दुकानदाराचे वीस वर्षांचे देणेघेणे त्या दिवसापासून बंद पडले. चूक आमचीही होती. ठरले तेव्हा आम्ही तेथेच बसलो होतो आणि आमच्यापैकी कोणीही कागद काढला नाही. त्या अनुभवातून जे शिकलो, ते येथे देत आहोत.

गटाचे गणित

एकत्र सहलीचा धंदा जुना आहे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या इंग्रजाने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० माणसे माणशी एक शिलिंग भाड्यात रेल्वेने नेली. आपल्याकडे केसरी टूर्स १९८४ मध्ये सुरू झाली आणि मराठी कुटुंबांना अशा सहलींची सवय लागली. तत्त्व आपल्या ओळखीचेच आहे : ठोक घ्यावे, किरकोळीत वाटावे.

बहुतेक विमान कंपन्या एका बुकिंगवर दहा किंवा अधिक प्रवासी असतील तर त्यांना गट मानतात. गटाला सर्वांसाठी एकच भाव मिळतो आणि नावे पुढे देण्याची सवलत असते. त्या बदल्यात ठरलेल्या तारखेला अनामत भरावी लागते, आणि माणसे कमी झाली तर दंड बसतो. गटाचा भाव नेहमी स्वस्तच असतो, असेही नाही. त्याच दिवशीचे सुटे तिकीट किती पडते, हे पाहूनच होकार द्यावा.

पैसे कोणाच्या नावावर?

व्यापारी माणसाने सर्वांत अधिक लक्ष येथे द्यावे. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून ठरावीक दराने आयकर गोळा करावा लागतो. व्यवहारात त्याला टीसीएस म्हणतात. सरकारने हा दर नंतर बदललेला आहे, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर लेखी विचारून घ्यावा. ही रक्कम बुडत नाही. ती पॅन क्रमांकावर जमा होते आणि रिटर्न भरताना करातून वळती करता येते किंवा परत मागता येते. पण ज्याच्या पॅनवर बुकिंग, त्याच्याच नावावर ती जमा होते. एकाने सहा कुटुंबांचे बुकिंग स्वतःच्या पॅनवर केले, तर पाच घरांचा कर त्याच्या खात्यावर दिसतो, आणि एवढा खर्च कोठून केला, याचे उत्तरही त्यालाच द्यावे लागू शकते.

दुसरी गोष्ट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ज्याने वर्षभरात स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या परदेश प्रवासावर २ लाख रुपयांहून अधिक खर्च केला, त्याला उत्पन्न करपात्र नसले तरी रिटर्न भरावे लागते. लहान कारागिराने हे आधीच ओळखून असावे.

तिसरी गोष्ट रोकडीची. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारासाठी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास बंदी आहे. हप्ते पाडून घेतले तरी व्यवहार एकच धरला जातो. दंड देणाऱ्याला नसून घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. मित्रांची रोकड पिशवीत गोळा करणाऱ्या भल्या माणसावर काय वेळ येऊ शकते, ते यावरून समजावे. परकीय चलन घेतानाही ५० हजार रुपयांपुढची रक्कम बँकेमार्फतच द्यावी लागते.

म्हणून आमचा सल्ला असा की, प्रत्येक कुटुंबाने आपले पैसे आपल्या बँक खात्यातून, आपल्या पॅनवर, थेट कंपनीला द्यावेत. गटाच्या म्होरक्याने तारखा सांभाळाव्यात, पैसे सांभाळू नयेत.

पासपोर्ट आधी उघडून पाहा

बरेच देश परतीच्या तारखेपुढे किंवा प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मुदत मागतात. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा साधारणपणे पाचच वर्षांचा. घोटाळा बहुधा मुलांच्या पासपोर्टात सापडतो.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते. जुन्या पिढीतील कित्येक महिलांच्या पासपोर्टवर एकच नाव असते, आडनावाची जागा कोरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अशा एकेरी नावाच्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केला. नंतर दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास चालेल, असा खुलासा झाला. अम्मी आणि खाला यांचे पासपोर्ट अनामत भरण्यापूर्वीच पाहून घ्यावेत. दुरुस्ती करून नवा पासपोर्ट घेण्यास वेळ लागतो. तिकिटावरचे नावही पासपोर्टप्रमाणेच अक्षरशः असावे.

सामानाबद्दल एक सूचना. घरचा मसाला नेताना त्यात खसखस नाही ना, हे पाहावे. अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.

कंपनी मोठी असली तरी

२३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधील थॉमस कुक कंपनी एका रात्रीत बंद पडली. सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले आणि तेथील सरकारला त्यांना परत आणावे लागले. भारतातील त्याच नावाच्या कंपनीचा त्या दिवाळखोरीशी संबंध नव्हता. आपल्याकडे जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ पासून थांबली, गो फर्स्टची ३ मे २०२३ पासून. आगाऊ तिकिटे काढलेल्यांचे पैसे अडकले. म्हणून सगळी रक्कम एकदम देऊ नये, हप्ते ठरवावेत. दरपत्रकात जेवण, प्रवेश फी, व्हिसा, विमा, टिप आणि कर यांपैकी काय धरले आहे, हे लिहून घ्यावे. हलाल जेवणाचे आश्वासन तोंडी असेल तर ते धरू नये. भुसावळ ते मुंबई हा सुमारे ४४० कि.मी.चा प्रवास त्यात बहुधा नसतो. गाडी उशिरा आली तर विमान थांबत नाही. त्यासाठी मुंबईत एक दिवस हाताशी ठेवावा आणि तो खर्च आधीच धरावा.

कोठे आणि केव्हा

दुबईच्या उंच इमारती पाहाव्यात, पण कारागिराच्या डोळ्यांना उझबेकिस्तानात अधिक मिळेल, असे आम्हांला वाटते. बुखाऱ्यात सोळाव्या शतकातील घुमटाखालचे बाजार आजही चालू आहेत. एक जवाहिऱ्यांच्या नावाचा, एक टोप्या विकणाऱ्यांच्या नावाचा. समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन मदरसे असून उलुगबेगचा मदरसा १४१७ ते १४२० या काळात बांधला गेला. ताश्कंदहून समरकंदला २०११ पासून वेगवान रेल्वे जाते. बाबराचा जन्म १४८३ मध्ये त्याच देशातील अंदिजानचा. शेजारच्या बुऱ्हाणपूरचा शाही हमाम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथील कामात ओळखीचे काही दिसेल. तेथे जाण्यास एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे.

मात्र तारीख धंदा पाहूनच ठरवावी. शिंप्याने ईदेच्या आधीचे दोन महिने सोडून द्यावेत. रमजान दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे मागच्या वर्षीचे गणित चालत नाही.

एक पान पुरे

सहल ठरते त्या बैठकीतच एक पान लिहावे. कोणाची किती माणसे, कोणत्या तारखेला कोणता हप्ता, एखादे कुटुंब गळाले तर त्याचे नुकसान त्याचेच की वाटून, आजारपण किंवा मयत झाल्यास काय, आणि बाजारातली खरेदी ज्याची त्याने करायची की कसे. खाली सर्वांच्या सह्या. एवढे लिहायला अर्धा तास लागतो. कोणी म्हणेल, मित्रांत कागद कशाला? आम्ही म्हणतो, मित्र राहावेत म्हणूनच. ज्याला सही करताना संकोच वाटतो, त्याने अनामत भरण्यापूर्वीच थांबावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

सहल आठ दिवसांत संपते. परत आल्यावर त्याच बाजारात, त्याच माणसांसमोर आपापली दुकाने उघडायची असतात, हे मनात ठेवून तयारीला लागावे.