जाहिरातीतले उद्याचे घर

जुने मासिक हाती आले की बहुतेक लोक त्यातील कथा आधी वाचतात. मी जाहिराती आधी पाहते. कथा लेखकाच्या मनातली असते; पण त्या काळच्या साध्या माणसाला काय हवेसे वाटत होते आणि कशाची लाज वाटत होती, हे जाहिरातीत दिसते. त्यातही घरगुती वस्तूंच्या जाहिराती फार मजेदार असतात. ‘उद्याचे घर कसे असेल?’ या प्रश्नाचे उत्तर त्या मोठ्या खात्रीने देतात.

अशी सर्वांत धीट चित्रे अमेरिकेत निघाली. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. युद्धाचे सामान बनवणारे कारखाने घरगुती यंत्रे बनवू लागले. ती विकायची तर लोकांना स्वप्न दाखवणे भाग होते. व्हर्लपूल कंपनीने १९५७ च्या सुमारास एक ‘चमत्कारी स्वयंपाकघर’ तयार केले. त्यात गृहिणी खुर्चीवर बसून फक्त बटणे दाबते. भांडी धुणारे यंत्र आपणहून टेबलाजवळ चालत येते. जमीन पुसणारे छोटे यंत्र आपले काम करून कोपऱ्यात परत जाते. १९५९ साली मॉस्को शहरात अमेरिकेचे प्रदर्शन भरले, तेव्हा हे स्वयंपाकघर तेथेही मांडले होते. त्याच प्रदर्शनात रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह आणि अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन यांचा स्वयंपाकघरावरून मोठा वाद झाला. घास तोंडात घालून तो खाली ढकलणारे यंत्रही तुमच्याकडे आहे का, असे ख्रुश्चेव्ह यांनी चेष्टेने विचारले.

गंमत पुढेच आहे. ती चालणारी यंत्रे आपोआप चालत नव्हती. एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने काच दिसेल अशा भिंतीमागे एक माणूस बसलेला असे. तोच रेडिओच्या साहाय्याने ती फिरवत असे. तेथे काम केलेल्या एका माणसाने पुढे हे सांगितले. जमीन झाडणारे खरे यंत्रमानव बाजारात आले ते २००१ आणि २००२ साली, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळाने.

दुसरे एक उदाहरण ऐका. १९६९ साली अमेरिकेतील एका बड्या दुकानाच्या यादीत ‘स्वयंपाकघरातला संगणक’ विकायला होता. तो हनीवेल कंपनीचा होता. किंमत १०,६०० डॉलर! त्या काळी तेवढ्या पैशांत अमेरिकेत दोन-तीन मोटारी आल्या असत्या. त्याला पडदा नव्हता, अक्षरांच्या कळा नव्हत्या. नुसते खटके आणि दिवे होते. आज रात्री कोणता पदार्थ करावा हे विचारण्यासाठी गृहिणीने आधी दोन आठवडे शिक्षण घ्यायचे होते. असा एकही संगणक विकला गेल्याची नोंद नाही. ज्या बाईला स्वयंपाक येतो, तिला काय करावे हे विचारायला दिव्यांची भाषा शिकावी लागावी, हे कोणाला सुचले असेल?

आता आपल्याकडे वळू. मराठी वाचकांच्या घरात जाहिराती आल्या त्या मुख्यतः मासिकांतून. ‘किर्लोस्कर’ हे मासिक १९२० साली किर्लोस्करवाडी येथे निघाले, तेच मुळी कारखान्याची खबर देणारे पत्रक म्हणून. पुढे त्याचे मोठे मासिक झाले आणि १९३० साली ‘स्त्री’ हे भावंडही निघाले. आपल्या जाहिरातींतले ‘उद्या’ मात्र निराळे होते. उडणारी मोटार किंवा चालणारे भांडे त्यांत क्वचितच दिसे. धूर नसलेली चूल, खटका दाबताच लागणारा दिवा, घरबसल्या ऐकू येणारे गाणे, एवढेच आपले भविष्य होते. मुंबईत वीज १९०५ सालापासून मिळू लागली होती. म्हणजे मुंबईचे ‘आज’ हेच खामगाव, मेहकर किंवा लोणारच्या वाचकाचे ‘उद्या’ होते.

आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात काय काय असे ते आठवा. चूल आणि फुंकणी, धान्य दळायचे जाते, मसाला वाटायचा पाटा-वरवंटा, पाण्याचा माठ. तुमच्या घरी यांना चूल्हा, चक्की, सिल-बट्टा, मटका म्हणत असतील. वस्तू त्याच आणि दुखणारे हातही तेच. या प्रत्येक वस्तूची जागा घ्यायला एक नवी वस्तू जाहिरातीतून पुढे आली. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली. १९५८ साली गोदरेजने देशी फ्रिज बाजारात आणला. १९५९ साली हॉकिन्सचा प्रेशर कुकर आला. उघड्या भांड्यात पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. त्यामुळे डाळ लवकर शिजते व सरपण वाचते. पण कुकर फुटेल ही भीती लोकांच्या मनात होती. म्हणून अशा वस्तूच्या जाहिरातीला वेळेच्या बचतीबरोबर सुरक्षिततेचीही ग्वाही द्यावी लागते.

मिक्सरची कथा मला अधिक आवडते. परदेशी मिक्सर तिकडच्या मऊ पदार्थांसाठी बनवलेले होते. आपली भिजवलेली डाळ, सुके खोबरे आणि हळकुंड त्यांना झेपत नसे. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांच्या घरचा असाच एक मिक्सर जळाला. तेव्हा आपल्या वाटणाला पुरेल असे दमदार यंत्र त्यांनी स्वतःच तयार केले. १९६३ साली सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीचा ‘सुमीत’ मिक्सर पुढे घरोघरी गेला. येथे जाहिरातीने स्वप्न दाखवण्याआधी कोणीतरी पाट्यावरचे वाटण नीट पाहिले होते.

जाहिरातीच्या चित्रात एक गोष्ट नेहमी गाळलेली असते. यंत्र दिसते, पण विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि रस्ता दिसत नाही. कपडे धुण्याचे यंत्र छान, पण ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते तेथे ते काय करील? २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनामुळे रोज कित्येक तास वीज नसे. त्या दिवसांत पुष्कळ घरांतला फ्रिज हे निव्वळ एक पांढरे कपाट होते. आणि गॅसचे पाहा. १९५५ साली मुंबईत मिळू लागलेला गॅस गरीब घरांपर्यंत पोहोचवण्यासाठी २०१६ साली सरकारला उज्ज्वला योजना काढावी लागली. मधली एकसष्ट वर्षे कोणत्या जाहिरातीत दाखवली होती?

आणखी एक गोष्ट त्या चित्रांत बदलत नाही. स्वयंपाकघर कितीही नवे असो, त्यात उभी असते ती बाईच. नवरा पेपर वाचत असतो. यंत्राचे वर्णन बदलले, राबणारे माणूस बदलले नाही. हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते असे नाही. बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाचे स्वप्न’ ही गोष्ट इंग्रजीत प्रसिद्ध केली. तिच्यात स्त्रिया शास्त्रज्ञ आहेत. त्या सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजवण्याची सोय करतात. कोळसा नाही, धूर नाही. आणि स्वयंपाक करतात पुरुष! कोणतीही वस्तू न विकणाऱ्या या लेखिकेने जाहिरातवाल्यांपेक्षा पुष्कळ पुढचे पाहिले, असे मला वाटते. आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की मुली हसतात आणि मुले गप्प होतात.

१९८० नंतर आपल्याकडे दूरचित्रवाणी संच वाढले, तेव्हा जाहिरातीचा सूर बदलला. ओनिडाच्या जाहिरातीत शिंगे असलेला सैतान येई आणि शेजाऱ्याच्या जळफळाटाची बातमी देई. कष्ट वाचतील हे आश्वासन मागे पडले. शेजारी जळतील हे पुढे आले.

सगळीच भाकिते चुकली असे मात्र समजू नका. १९६४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या जत्रेत चेहरा दाखवणारा टेलिफोन लोकांनी पाहिला. १९७० साली तो पिट्सबर्ग शहरात विकायलाही निघाला, पण फार महाग असल्याने चालला नाही. त्याच कंपनीने, म्हणजे एटी अँड टी ने, १९९३ साली पुन्हा भविष्याच्या जाहिराती काढल्या. दूरच्या ग्रंथालयातले पुस्तक घरी वाचता येईल, असे त्यांत होते. एकीत तर दूर गेलेली आई पडद्यावर आपल्या बाळाला पाहते आणि त्याला झोपवते. आज आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले मुंबईत किंवा आखाती देशांत कामाला असलेल्या वडिलांशी रोज रात्री असेच बोलतात. जाहिरात बरोबर ठरली. फक्त ती आई बाळाशी बोलण्यासाठी रस्त्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये जाऊन बसली होती. चित्र काढणाऱ्याला बाळ दिसले, पडदा दिसला. तो पडदा खिशात मावेल हे मात्र दिसले नाही.