‘वडिलांच्या जागी’ : स्पर्धेवाचून होणाऱ्या शासकीय नेमणुका आणि त्यांची परिभाषा

सेवेत असताना एखादा शासकीय कर्मचारी दिवंगत झाला आणि पुढे त्याच्या मुलास शासनाने नोकरी दिली, म्हणजे ‘तो वडिलांच्या जागी लागला’ असे आपण सहज म्हणतो. मराठीत ‘जागा’ या शब्दास निदान दोन अर्थ आहेत. ‘जागा निघाली’, ‘जागा भरली’ या प्रयोगांत जागा म्हणजे पद होय. ‘काका मला वडिलांच्या जागी आहेत’ असे म्हणताना मात्र पद अभिप्रेत नसून नाते आणि त्याबरोबर येणारी जबाबदारी अभिप्रेत असते. वरील वाक्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. घरातील अर्थाने ते वाक्य बहुधा खरे असते. कचेरीतील अर्थाने ते खरे नसते. या मिश्रणामुळे शासकीय सेवाप्रवेशाच्या एका महत्त्वाच्या नियमाविषयी कसा गैरसमज होतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम सामान्य नियम पाहू. संविधानाच्या अनुच्छेद १६ (१) अन्वये शासकीय सेवेच्या बाबतीत सर्व नागरिकांस समान संधी आहे. सेवाप्रवेशाचे नियम अनुच्छेद ३०९ अन्वये केले जातात, आणि भरतीच्या बाबतीत लोकसेवा आयोगाचा विचार घेण्याची तरतूद अनुच्छेद ३२० मध्ये आहे. महाराष्ट्राच्या सेवाप्रवेश नियमांत बाहेरून होणाऱ्या अशा भरतीस ‘सरळसेवा’ किंवा ‘नामनिर्देशन’ म्हणतात. हे दोन्ही शब्द नवख्या वाचकास चकवणारे आहेत. ‘सरळ’ म्हणजे परीक्षेवाचून आणि ‘नामनिर्देशन’ म्हणजे कोणी नाव सुचवून, असे त्यास वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः पदोन्नतीहून निराळी, बाहेरील सर्व पात्र उमेदवारांस खुली असलेली भरती असा त्यांचा अर्थ आहे. म्हणजे ऐकताना जेथे स्पर्धा नाही असे वाटते, तेथेच ती आहे.

आता अपवादांकडे वळू. पदोन्नती आणि प्रतिनियुक्ती यांत खुली स्पर्धा नसते. पण तेथे व्यक्ती आधीच सेवेत आलेली असते, म्हणून आपल्या दृष्टीने ते अपवाद नव्हेत. अनुच्छेद ३२० (३) च्या परंतुकानुसार काही पदे किंवा बाबी आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवता येतात. मात्र तसे विनियम विधिमंडळापुढे, किंवा केंद्राच्या बाबतीत संसदेपुढे, किमान चौदा दिवस ठेवावे लागतात. शिवाय आयोगास न विचारण्याची मुभा म्हणजे समान संधी नाकारण्याची मुभा नव्हे. पद आयोगाच्या कक्षेबाहेर गेले तरी ते अनुच्छेद १६ च्या बाहेर जात नाही.

या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात ज्या कारणांवरून भेदभाव करता येत नाही, त्यांत ‘कूळ’ हाही शब्द आहे. अनुच्छेद १५ (१) मधील तशाच यादीत तो नाही. शासकीय सेवेच्या संदर्भात तो मुद्दाम घातला आहे. त्यामागील इतिहास महाराष्ट्रास परिचित आहे. ‘वतन’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ जन्मभूमी. मराठीत त्यास वंशपरंपरेने चालणारे पद व त्याबरोबरचे उत्पन्न असा अर्थ आला. पाटीलकी व कुलकर्ण ही पदे घराण्यात चालत, आणि १८७४ च्या मुंबईच्या अधिनियमाने या वंशपरंपरागत अधिकारपदांचे नियमन केले. कनिष्ठ वतनांच्या बाबतीत तर हा वारसा हक्कापेक्षा बंधनच अधिक होता. महार वतनदारांची त्यातून सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. पुढे परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ गाववतने १९५८ च्या आणि महसुली पाटलांचे पद १९६२ च्या अधिनियमाने रद्द झाले. दरम्यान १९६० च्या अखेरीस आंध्र प्रदेशातील ग्राममुन्सिफाच्या पदासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. असे पद हे शासकीय पदच होय आणि केवळ कुळाच्या आधारे ते देणे संविधानास धरून नाही, असे त्यात ठरले.

अशा रीतीने वतन कायद्यातून गेले. भाषेतून ते गेले काय, हा प्रश्न उरतो. आणि अनुकंपा नियुक्तीच्या संदर्भात तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

‘अनुकंपा’ शब्दाची फोड अनु + कंप अशी आहे. दुसऱ्याच्या कंपाबरोबर आपणही कंप पावणे, हा त्याचा मूळ भाव होय. यात देणाऱ्याच्या मनाचा निर्देश आहे. घेणाऱ्याच्या मालकीचा नाही. १९९४ साली उमेशकुमार नागपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केलेले विवेचन या अर्थाशी जुळते. मिळवत्या माणसाच्या मृत्यूने कुटुंबावर अकस्मात जे संकट येते, त्यातून त्यास तरून जाता यावे एवढाच या नियुक्तीचा हेतू आहे. दिवंगत व्यक्तीचे पद किंवा त्या दर्जाचे पद मिळावे, असा नव्हे. म्हणून ती तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या पदांपुरती असावी, कुटुंबाची सांपत्तिक स्थिती पाहूनच द्यावी, आणि संकटाचा काळ लोटल्यावर तिची मागणी करता येऊ नये, असे न्यायालयाने म्हटले. केंद्र शासनाच्या योजनेत गट ‘क’ मधील सरळसेवेच्या रिक्त पदांपैकी पाच टक्के एवढीच मर्यादा अशा नियुक्त्यांस घातलेली आहे.

‘वडिलांच्या जागी’ या शब्दयोजनेने जो घोटाळा होतो तो येथे. षष्ठीचा ‘च्या’ प्रत्यय मालकी सुचवितो. जागा वडिलांची होती, म्हणून आता ती आमची, असा विचार नकळत सुरू होतो. मग मुलगा अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत जागा राखून ठेवावी असे कुटुंबास वाटते. भावाभावांत ती कोणी घ्यावी यावरून तंटे होतात. आणि विधवा स्वतः पात्र असूनही अर्ज न करता मुलाची वाट पाहत राहते. वारसा असता तर थांबण्याने काही बिघडले नसते. परंतु हे साहाय्य आहे, आणि साहाय्याचे समर्थन निकडीत असते. ज्या कुटुंबाने दहा वर्षे कसेबसे काढली, त्यास पुढे ‘आपण तरून गेलात, आता संकट उरले नाही’ असे उत्तर मिळू शकते. एका चुकीच्या शब्दाची किंमत इतकी मोठी असू शकते.

दोष सर्वस्वी कुटुंबाचा नव्हे. प्रतीक्षासूचीत नाव घालून वर्षानुवर्षे नियुक्ती न देणारी कचेरीही अनुकंपेचा अर्थ विसरलेली असते. तातडी हाच ज्या नियमाचा आधार, त्याची अंमलबजावणी मंद झाली की नियमाचे समर्थनच नाहीसे होते.

साहाय्य आणि वारसा यांतील रेषा पुसली गेली की काय होते, याचे उदाहरण रेल्वेच्या एका योजनेत सापडते. सुरक्षेशी संबंधित कामावरील कर्मचाऱ्याने मुदतीपूर्वी निवृत्त व्हावे आणि त्याच्या पाल्यास नोकरी मिळावी, अशी ही योजना २००४ साली निघाली व २०१० साली विस्तारली. येथे मृत्यू नव्हता, अकस्मात संकटही नव्हते. पद पित्याकडून पुत्राकडे जाण्याची सोय तेवढी होती. २०१६ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तिच्या वैधतेविषयी प्रतिकूल मत दिले आणि २०१८ साली रेल्वेने ती बंद केली.

स्पर्धेवाचून होणाऱ्या नेमणुकांचा दुसरा वर्ग ‘तदर्थ’, ‘हंगामी’, ‘रोजंदारी’ या शब्दांनी ओळखला जातो. हे तिन्ही शब्द मुदत सांगतात : त्या कामापुरता, त्या हंगामापुरता, त्या दिवसापुरता. प्रत्यक्षात माणसे त्याच शब्दांखाली वीस वीस वर्षे काम करतात. १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अशा सेवकांस कायम करण्याच्या प्रथेस आळा घातला. त्या निर्णयात ‘अनियमित’ आणि ‘अवैध’ यांत भेद केला आहे. मंजूर पदावर पात्र व्यक्ती नेमली, पण कार्यपद्धतीत उणीव राहिली, तर नेमणूक अनियमित. मुळात समान संधीचा नियमच डावलला, तर ती अवैध. पहिल्या प्रकारच्या, दहा वर्षे सेवा झालेल्या व न्यायालयाच्या आदेशांच्या आधाराने न टिकलेल्या सेवकांस एकवेळ सामावून घेण्याची वाट ठेवली गेली. बोलण्यात आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. येथे मात्र त्यांच्यातील अंतर म्हणजे एखाद्याची नोकरी होय. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात न्यायालयाने उलट बाजूने इशारा दिला : दीर्घकाळ नियमित स्वरूपाचे काम करून घ्यावयाचे आणि ‘तात्पुरते’ हा शिक्का दाखवून हक्क नाकारावयाचे, यासाठी उमादेवी निर्णयाचा उपयोग करता येणार नाही. कागदावरील नावापेक्षा कामाचे स्वरूप पाहिले पाहिजे, हा त्याचा आशय आहे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. स्पर्धेवाचून होणारी प्रत्येक नेमणूक अन्याय्य नसते. परंतु तिला स्वतःचे असे कारण असावे लागते आणि ते कारण तिच्या नावातून स्पष्ट व्हावे लागते. जी जागा अनुकंपेने भरली जाते, तिच्यासाठी परीक्षेची तयारी करीत बसलेला कोणी अनोळखी उमेदवारही असतो. त्याची संधी कमी करावयाची तर समोरच्या कुटुंबाची निकड खरी आणि ताजी असली पाहिजे. म्हणून कचेऱ्यांनी आपल्या पत्रांत ‘वारस’, ‘वडिलांच्या जागी’ असे प्रयोग टाळावेत. ‘कुटुंबास साहाय्य म्हणून उपलब्ध पदावर नियुक्ती’ असे स्पष्ट लिहावे, आणि अर्जाची मुदत पहिल्याच पत्रात कळवावी. घरात मुलगा अथवा मुलगी वडिलांच्या जागी उभी राहते, हे योग्यच आहे. कचेरीतील जागा मात्र वडिलांची कधीच नव्हती. ती सर्वांची होती, आणि संकटसमयी सर्वांच्या वतीने त्या कुटुंबास दिली गेली, इतकेच.