दिवसाची घडी बसवताना

निवृत्तीनंतर वेळच वेळ मिळेल, अशी बहुतेकांची कल्पना असते. दवाखान्यात येणारे ज्येष्ठ मात्र वेगळेच सांगतात: "डॉक्टर, दिवस कसा जातो कळत नाही आणि काम एकही पुरे होत नाही." कचेरीची वेळ, शाळेची घंटा, एस.टी.चे वेळापत्रक यांनी तीस-पस्तीस वर्षे दिवसाला दिलेला आकार निवृत्तीबरोबर नाहीसा होतो. उरतात ती औषधे, तपासण्या, बँक, वीजबिल आणि 'नंतर पाहू' म्हणून मागे पडलेली कामे. यांपैकी पुष्कळ कामे मागे पडली तरी चालतात. औषध चुकले किंवा दोनदा घेतले गेले, तर प्रकरण रुग्णालयापर्यंत जाऊ शकते. म्हणून दिनक्रमाचा विचार वैद्यकीय सल्ल्याइतक्याच गांभीर्याने करायला हवा.

शरीराचे घड्याळ

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय 'दिनचर्या' याच नावाचा आहे. आधुनिक वैद्यकानेही या विषयाला मोठे स्थान दिले आहे. मेंदूतील पेशींचा एक लहानसा पुंजका शरीराची चोवीस तासांची लय सांभाळतो आणि प्रकाश हा त्याचा मुख्य संकेत असतो. या लयीमागील जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. उतारवयात ही लय क्षीण होते. संध्याकाळीच डोळे मिटू लागतात आणि पहाटे फार लवकर जाग येते. यावर पहिला उपाय साधा आहे. उठण्याची वेळ ठरलेली असावी. सकाळच्या उजेडात, रंकाळ्यावर किंवा अंगणात, थोडे फिरावे. दुपारची झोप अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत आटोपलेली असावी.

घड्याळापेक्षा खूण बरी

'साडेआठला गोळी घ्यायची' हे विसरते. 'नाश्त्याचे ताट समोर आले की गोळी घ्यायची' हे सहसा विसरत नाही. अंबाबाईच्या मंदिरातील दिवस काकडआरतीने सुरू होऊन शेजारतीने संपतो. मधले उपचार एकामागून एक येतात आणि एक झाला की पुढचा आठवतो. घरातही अशा खुणा आहेत: तोंड धुणे, पहिला चहा, अंघोळ, दोन वेळची जेवणे, सायंकाळचा दिवा. प्रत्येक औषध अशा एका खुणेला बांधावे.

थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर पाण्यासोबत घ्यावी. चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. लघवी वाढवणारे औषध शक्यतो सकाळी घ्यावे, म्हणजे रात्री वारंवार उठावे लागत नाही आणि अंधारात पडण्याचा धोका टळतो. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन जेवण टाळले तर साखर धोकादायकरीत्या उतरते. आपल्या प्रत्येक गोळीची खूण आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावी. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

भिंतीवरची वही

'कालनिर्णय' १९७३ मध्ये सुरू झाले आणि मराठी घराच्या भिंतीवर कायमचे स्थिरावले. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख आपण त्यावर टिपतोच. त्याच चौकटीत तपासणीची तारीख, बिलाची मुदत, नोव्हेंबरातील हयातीचा दाखला लिहावा. नोंदींची जागा एकच असावी. चार चिठ्ठ्या चार ठिकाणी ठेवल्या की पाचवी शोधण्यात सकाळ जाते.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक न्हाणीघरात घेरी येऊन पडले. रक्तदाबाची गोळी त्यांनी स्वतः घेतली होती आणि तासाभराने सूनबाईंनीही प्रेमाने दिली होती. आता त्यांच्या घरी एकच नियम आहे: गोळी गिळल्यावर लगेच दिनदर्शिकेवर खूण करायची आणि खूण पाहिल्याशिवाय कोणी गोळी द्यायची नाही. सात खणांची औषधाची डबीही अशा वेळी उपयोगी पडते.

दिवसाला तीन कामे

दिवसाची यादी तीन कामांपुरती ठेवावी. त्यांतले अवघड काम सकाळी, अंगात उत्साह असताना करावे. घराबाहेरचे काम दिवसाला एकच असावे. उरलेले उद्यावर टाकताना अपराधी वाटून घेऊ नये.

मदत घेणे हाही व्यवस्थेचा भाग आहे. कोल्हापुरात राहणाऱ्या वि. स. खांडेकरांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली, तरी ते सांगून लिहून घेत राहिले. 'ययाति'साठी १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. लेखन त्यांचे, लेखणी दुसऱ्याची. आपल्या कामातील कोणता भाग स्वतःकडे ठेवायचा आणि कोणता इतरांकडे सोपवायचा, हे आपणच ठरवावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आई-वडिलांचे वेळापत्रक त्यांना न विचारता आखू नका. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, देवपूजा ही कामे हळू झाली तरी त्यांच्या हातून काढून घेऊ नका. स्मृतिभ्रंश असलेल्यांची अस्वस्थता बऱ्याचदा सायंकाळी वाढते. म्हणून अंघोळ, दवाखाना सकाळी उरकावे, कामांचा क्रम रोज तोच ठेवावा आणि अंधारण्याआधी दिवे लावावेत. तुमच्या विश्रांतीचे तासही त्याच दिनदर्शिकेवर लिहा. त्या वेळेत घरातील दुसऱ्या कोणीतरी जबाबदारी घ्यावी.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. व्यवस्थित वागणारी व्यक्ती एक-दोन दिवसांत गोंधळू लागली, तर ते 'वय झाले' म्हणून सोडू नये. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा औषधाचा दुष्परिणाम यांमुळे असे होते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बदल काही महिन्यांत हळूहळू झाला असेल तर थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, नैराश्य आणि स्मृती यांची तपासणी करावी.

सगळे एकदम बदलायला जाऊ नका. उद्या सकाळी एक औषध एका खुणेला बांधा आणि खाली पेन्सिल बांधलेली दिनदर्शिका हाताला येईल अशा उंचीवर लावा. पुढील अंक हाती येईपर्यंत पंधरा दिवस आहेत. एक सवय रुजवायला सुरुवात म्हणून ते पुरेसे आहेत.