माळावरील एरियल आणि घरातील कळ

हौशी बिनतारी हा श्रीमंतांचा किंवा रिकामटेकड्यांचा खेळ आहे, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा आहे. परीक्षा द्यावयाची, केंद्र सरकारचा परवाना काढावयाचा, आणि एवढे करून परक्या मुलखातील अनोळखी माणसाशी हवापाण्याच्या गोष्टी बोलावयाच्या. यात मिळविले काय, असे घरातील वडील मंडळी विचारतात. त्यांस आम्ही 30 सप्टेंबर 1993 या दिवसाची आठवण देऊ. त्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या आपत्तीत निरोपांची ने-आण करण्यास जे पुढे आले, त्यांत हे हौशी लोकही होते. किल्लारी लातूर जिल्ह्यात असली, तरी अंबाजोगाईहून ती सरळ रेषेत 80 किलोमीटरांच्या आतच आहे. तेव्हा बीड जिल्ह्यातील सुशिक्षित कुटुंबांनी या विद्येकडे थोड्या आस्थेने पाहावे, हे उचित होय.

या विद्येतील एका व्यावहारिक अडचणीचा आज विचार करू. यंत्र घरात असते. परंतु एरियल घरापासून दूर असलेली बरी. पूर्वी घरात विजेची उपकरणे मोजकी होती. आता एल.ई.डी. दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची इतकी गर्दी झाली आहे की, त्यांच्या खरखरीत दूरचा क्षीण आवाज बुडून जातो. म्हणून ज्यांस गावाकडेस जागा आहे, त्यांनी घरापासून शंभर-दीडशे फुटांवर, माळावर किंवा मळ्यात, तार ताणावी.

बालाघाटाच्या या डोंगराळ मुलखात सरळ रेषेत जाणाऱ्या आखूड लहरी टेकड्यांनी अडतात. चाळीस मीटर लांबीच्या लहरींचे तसे नाही. जमिनीपासून वीस-पंचवीस फुटांवर बांधलेली तार त्यांस जवळजवळ सरळ वर धाडते, आणि आयनांबरावरून परतून त्या कारंज्याच्या पाण्याप्रमाणे आसपासच्या जिल्ह्यांवर पडतात. रात्री मात्र आयनांबर विरळ होते. मग जवळच्या गावांसाठी ऐंशी मीटरच्या लहरी वापराव्या लागतात. चाळीस मीटरसाठी 66 फुटांची तार पुरते, ऐंशीसाठी तिच्या दुप्पट हवी. जागा व खांब तितके नसतील, तर एकाच तारेची दिवसातून दोनदा नव्याने जुळणी करणे प्राप्त होते. पावसाळ्याच्या अंधारात, चिखल तुडवीत, कंदील घेऊन हे काम कोणी करावे?

यावर पुष्कळ जण सोपा उपाय योजतात. जुळणीची पेटी ते यंत्राशेजारी टेबलावरच ठेवतात. कळा फिरविल्या की परतणाऱ्या शक्तीचा काटा शून्यावर येतो व चालक संतुष्ट होतो. पण ही 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' अशी गत आहे. बिघाड माळावर, तार व केबल यांच्या सांध्यापाशी असतो. टेबलावरची पेटी केवळ यंत्राचे समाधान करते. मधल्या केबलमध्ये शक्ती हेलपाटे घालते आणि उष्णता होऊन वाया जाते. 100 फूट लांबीची बारीक कोअॅक्सियल केबल घेतली आणि तारेशी जुळणी उत्तम असली, तर चाळीस मीटरवर 100 वॅटांपैकी सुमारे 75 वॅट तारेपर्यंत पोचतात. जुळणीचे प्रमाण दहास एक इतके बिघडले, तर जेमतेम 40 पोचतात. घरातील काटा मात्र दोन्ही वेळा शून्यच दाखवितो! ऐंशी मीटरवर ही अर्धी तार चालवू गेल्यास स्थिती याहूनही वाईट होते.

खरा मार्ग असा की, पेटी माळावर तारेच्या मधोमध बसवावी आणि हात तेवढा घरात ठेवावा. पेटीत तारेचे वेटोळे व फिरता कंडेन्सर असतो. कंडेन्सरच्या दांड्यास बारा व्होल्टची, दातेचक्रांनी मंद केलेली मोटर जोडावी. घरातील कळ एकीकडे दाबली की ती उजवीकडे फिरेल, दुसरीकडे दाबली की डावीकडे. वेटोळ्याचे कमीअधिक वेढे रिलेने निवडता येतात. दांडा कोठवर फिरला हे कळण्यासाठी त्यावर एक बदलता रोध बसवून त्याचा काटा टेबलावर आणावा. पेटी प्लॅस्टिकची व सावलीत असावी, आणि तिच्या तळाशी पाणी निथळण्यास बारीक छिद्र ठेवावे.

जुळणी प्रथम कानाने करावी. प्रक्षेपक बंद ठेवून मोटर हळूहळू फिरवावी. आकाशातील खरखर जेथे एकाएकी भरून येईल, तेथे थांबावे. मग ती जागा मोकळी आहे, कोणी बोलत नाही, याची खात्री करून आपले संकेतनाम सांगावे आणि पाच-दहा वॅटच सोडून परतणारा काटा पाहावा. वेढे व कंडेन्सर आळीपाळीने बदलीत तो तळाशी आणावा. दातेचक्रांत थोडी मोकळीक असतेच. म्हणून इष्ट स्थानी नेहमी एकाच बाजूने यावे, नाहीतर कालचे आकडे आज लागू पडत नाहीत. हे आकडे वहीत टिपावे. ओल्या काळ्या जमिनीवरचे आणि वैशाखात भेगाळलेल्या जमिनीवरचे आकडे निराळे येतील, हेही ध्यानात असू द्यावे.

दोन गोष्टींविषयी मात्र निष्काळजीपणा नको. प्रक्षेपण चालू असता तारेच्या टोकांशी व वेटोळ्यावर विजेचा दाब फार मोठा असतो. मुले व गुरे यांचा हात किंवा शिंग तेथवर पोचता कामा नये. दुसरी गोष्ट वळवाच्या विजांची. मेघगर्जना ऐकू येण्यापूर्वीच, आकाश भरून येताच केबल घराबाहेरच सोडवून जमिनीशी जोडावी. केबल सोडविण्याची आठवण बहुतेकांस राहते. मोटरच्या तारा मात्र खिडकीतून तशाच आत राहतात, आणि वीज त्या वाटेने खुशाल घरात शिरते. त्याही सोडवाव्या. एकदा गडगडाट सुरू झाल्यावर मात्र कोणत्याही तारेस हात लावू नये.

आपोआप जुळणी करणाऱ्या पेट्याही बाजारात मिळतात, आणि त्या वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या बिघडल्या म्हणजे चालक आंधळा होतो. ज्याने स्वतः कान देऊन तार जुळविली आहे, त्यास काय बिघडले याचा अंदाज घरात बसूनच येतो. वीज व दूरध्वनी ही दोन्ही बंद पडतील अशी रात्र कोणावर येऊ नये. आलीच, तर एक बॅटरी, एक वही आणि जाणता हात एवढ्या भांडवलावर गावाचा निरोप बाहेर जाऊ शकेल. त्याची तयारी आकाश निरभ्र असतानाच झाली पाहिजे.