मेण, चरबी आणि लवंगेचा वास

पेनसिल्व्हेनियात लेकीकडे गेले होते तेव्हा शनिवारी सकाळी शेजारच्या गॅरेजमधून लवंगेचा वास यायचा. मला वाटलं, काहीतरी शिजतंय. शिजत होतंच, पण खाण्याचं नव्हे. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून त्यात शेजारचे आजोबा मधमाश्यांचं मेण वितळवत होते. बाजूला मेंढीच्या चरबीची बरणी, एरंडेलाची बाटली आणि लवंगेच्या तेलाची एवढीशी कुपी. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांना लावायचं वंगण ते घरीच करत होते.

अमेरिकेत हा जुना छंद आहे. काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी जपून ठेवायची, शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या, पुंगळी नव्याने भरायची आणि मैदानावर जाऊन नेम धरायचा. आपल्याकडे काडतुसं भरायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे हे काम घरात चालल्याचं आपल्या पाहण्यात नसतं. मी मात्र त्या गॅरेजमध्ये दोन महिने जाऊन बसले, कारण तिथलं निम्मं काम मला ओळखीचं होतं. तूप कढवणारीला मंद आंच समजावून सांगावी लागत नाही.

शिसं मऊ. ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, नखानेही ओरखडतं. थोडं कथील आणि अँटिमनी घातलं की कठीण होतं, तरी बंदुकीच्या नळीच्या पोलादापुढे मऊच. नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांत दाबली जाऊन गोळी फिरत पुढे जाते. मागून तापलेला वायू रेटत असतो. वंगण नसेल किंवा चुकीचं असेल, तर शिसं नळीला चढत जातं आणि नेम बिघडतो. मग तांब्याच्या जाळीने तासन्तास घासत बसा. म्हणून ओतीव गोळीच्या अंगावर आडव्या खाचा ठेवतात. आजोबा बोटाने त्या दाखवून म्हणाले, “हे खिसे बघ. वंगण यात राहतं.”

जुन्या काळ्या दारूच्या बंदुकांत वंगणाला आणखी एक काम असतं. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपाने मागे राहतं. ही राख सुकली की नळीत कडक थर बसतो आणि पुढची गोळी अडते. मेण-चरबीचं वंगण ती राख मऊ ठेवतं. ओली झाली की तिला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. लवंग कशासाठी, हे मला तेव्हाच उमगलं. नेमाशी तिचा काहीही संबंध नाही. ज्याला दिवसभर तो वास सोसायचा असतो, त्याच्यासाठी ती असते. कोणी देवदाराचं तेल घालतं, कोणी दालचिनीचं, कोणी नुसत्या मेणाच्या मधाळ वासावर समाधान मानतं.

पाककृती सोपी वाटते, पण सगळं काही ऋतूवर. खोबरेल थंडीत बाटलीत थिजतं आणि उन्हाळ्यात पातळ होतं, तसंच हे. चरबी जास्त झाली तर उन्हात वंगण पाझरून दारूत उतरतं आणि काडतूस वाया जातं. मेण जास्त झालं तर थंडीत ते कडक होतं. मेणबत्तीचं पांढरं मेण स्वस्त पडतं, पण एकट्याने वापरलं तर तडकून खाचेतून पडतं. मधमाश्यांचं मेण साधारण ६३ अंशांना वितळतं आणि चिकटून राहतं, म्हणून त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. चरबी खारवलेली नको, मिठाने लोखंड गंजतं. एरंडेलाचं खनिज तेलाशी जुळत नाही, मेण मध्ये पडून दोघांना धरून ठेवतं. आणि सुगंध अगदी शेवटी, भांडं उतरवून थोडं निवल्यावर. कढत्या मेणात घातलं की लवंग गॅरेजभर होते आणि गोळीला काही उरत नाही. भांडं थेट जाळावर ठेवायचं नाही, मेण पेट घेतं. शिशाची भांडी स्वयंपाकघरात येत नाहीत, आणि हात धुतल्याशिवाय पाण्याचा ग्लाससुद्धा नाही. याबाबतीत आजोबा माझ्या सासूबाईंपेक्षा कडक होते.

मग वड्या. मी त्याला वड्याच म्हणते. पसरट ट्रेमध्ये गोळ्या बुडावर उभ्या करायच्या, ओळीने, दोघींमध्ये बोटभर अंतर. वितळलेलं वंगण कडेने हळूहळू सोडायचं. गोळ्यांच्या अंगावर ओतायचं नाही. सगळ्यात वरची खाच बुडाली की थांबायचं. तासाभरात पिवळट थर थिजतो. मग आजोबांनी एक जाड पुंगळी घेतली, तिचं बूड कापून काढलेलं. ती प्रत्येक गोळीवरून खाली दाबली की गोळी पुंगळीत शिरते आणि वर येते ती खाचा भरून, अंग स्वच्छ पुसल्यासारखं. ट्रेमध्ये उरते भोकाभोकांची वडी. ती पुन्हा भांड्यात. काही वाया जात नाही. पहिल्या दिवशी मी घाई केली, थर पुरता थिजला नव्हता, आणि चार गोळ्यांच्या खाचा रिकाम्या निघाल्या. आजोबांनी त्या काही न बोलता परत ट्रेमध्ये उभ्या केल्या.

यासाठी यंत्रंही आहेत. जॉन बार्लो यांनी १८८४ साली कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली आणि काडतुसं घरी भरण्याची अवजारं गावोगाव पोचवली; १९२५ मध्ये ती लायमन कंपनीकडे गेली. दांडा खाली ओढला की गोळी मापाच्या कड्यातून जाते आणि त्याच दमात बाजूच्या छिद्रांतून खाचांत वंगण भरतं, असं यंत्र आजही विकलं जातं. विसाव्या शतकात अ‍ॅलॉक्स नावाचा, गंज रोखणारा खनिज तेलापासून केलेला पदार्थ आणि मेण निम्मंनिम्मं घेण्याची रीत रूढ झाली. ती उत्तम चालते. आजोबांना तिचा वास आवडत नव्हता, एवढंच.

त्या चरबीच्या बरणीकडे पाहताना मला १८५७ आठवल्याशिवाय कसं राहील? एनफिल्ड बंदुकीच्या कागदी काडतुसाचं एक टोक दाताने तोडून दारू नळीत ओतायची, मग दुसऱ्या टोकाची वंगण लावलेली गोळी आत ठासायची. वंगणातली चरबी कुठल्या जनावराची, यावर पुरवठा घेताना कोणी काटेकोर नजर ठेवली नव्हती. जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली. त्याच महिन्यात हुकूम निघाला की काडतुसं कोरीच द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण लावावं. पण तोवर संशय कागदाच्या चकाकीवर जाऊन बसला होता. मेरठला २४ एप्रिलला ८५ स्वारांनी काडतुसं नाकारली आणि १० मे रोजी भडका उडाला. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर होते. महूजवळ त्यांच्या कानावर ही काडतुसांची हकीकत शिपायांच्याच तोंडून आली, आणि १९०७ साली छापलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये ती आपल्या भाषेत राहिली. त्या उठावामागे एकटं वंगण नव्हतं, राज्य गेल्याची आणि मान गेल्याची कारणं खोल होती. पण दातात धरायच्या वस्तूत काय आहे हे शिपायाला कोणी विश्वासाने सांगू शकलं नाही, ही गोष्ट मला आजही साधी वाटत नाही.

आजोबांच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे. मेण किती, चरबी किती आणि कुठल्या जनावराची, एरंडेल किती, लवंग किती थेंब, तारीख. मैदानावर बार काढल्यावर ते आधी निशाणाकडे पाहत नसत. बंदुकीच्या तोंडाशी वाकून पाहत. तिथे वंगणाची बारीक चांदणी उमटली असेल तर वंगण नळीच्या टोकापर्यंत पुरलं. मग चष्मा वर करून निशाणाकडे.

निघताना त्यांनी मला एक वडी दिली, गोळ्यांची भोकं नसलेली, अखंड. सोबत तशीच चिठ्ठी. पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या माजघराचं दार फुगतं आणि उंबऱ्याला अडतं. मी वडी दाराच्या खालच्या कडेवर घासते. दार सरकतं, आणि दिवसभर येता-जाता लवंगेचा वास येत राहतो.