सुट्टीचा दिवस, सायकल आणि घर

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत सायकल दोन प्रकारची दिसते. एक कामावर जाणारी : मागे डबा, दांड्याला पिशवी आणि स्वाराचे सारे लक्ष पाळीच्या वेळेकडे. दुसरी सुट्टीची : दहाबारा जणांचा गट पहाटे कर्जतहून निघतो, पळसदरीवरून खोपोली गाठतो, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खालापूर व चौक करून कर्जतला परततो. पहिली सायकल गरजवंताची आणि दुसरी श्रीमंत हौशी मंडळींची, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमची हयात कामगारांत गेली. आम्हांस ती पटत नाही. कारखान्यातले फिटर आणि लोकलने मुंबईस जाणारे कारकूनही या दुसऱ्या गटात असतात. त्यांच्या आठवड्यात ही सायकल कशी बसते आणि ती बसावी म्हणून घरात कोणाला काय करावे लागते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम सुट्टीचा हिशेब पाहू. मुंबईच्या गिरण्यांतील मजुराला एके काळी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मजुरांच्या सभा भरवून रविवारच्या सुट्टीची मागणी मांडली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार मजूर सभेला जमले. तेथे दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढे स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि एक दिवस सुट्टीचा ठरविला. तात्पर्य, हा दिवस भांडून मिळालेला आहे. तो कसा खर्च होतो, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नव्हे.

पण ४८ तास हे फाटकाच्या आतले. कर्जत ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेचे अंतर १०० किलोमीटर. जाताना दोन तास, येताना दोन तास. सहा दिवसांचे चोवीस तास झाले. म्हणजे आठवड्यातला एक पुरा दिवस आणि एक पुरी रात्र गाडीतच जाते! खोपोलीकडच्या पाळीवाल्याची अडचण निराळी. त्याची झोप पाळीबरोबर फिरते आणि जेथे यंत्र थांबत नाही तेथे सुट्टीही आळीपाळीने मिळते. रात्रपाळी करून आलेल्याने त्याच पहाटे गटाबरोबर निघू नये, हा आमचा पहिला सल्ला. पेंगणारा स्वार स्वतःबरोबर मागच्या चौघांनाही पाडतो.

आता गटाने का जावयाचे? सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती वारा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. पुढच्या चाकामागे जवळून चालणाऱ्याला आडोसा मिळतो व त्याचे श्रम सुमारे चौथाईने, कधी त्याहूनही अधिक, वाचतात. पुढे असलेल्याला ही सवलत नाही. म्हणून शहाणे गट पुढचा माणूस दर काही मिनिटांनी बदलतात. तो बाजूला होऊन शेवटी जातो आणि दुसरा वारा अंगावर घेतो. खड्डा दिसला तर पुढचा हाताने खूण करतो, ती खूण मागेपर्यंत पोचते. खोपोलीपासून बोरघाट चढू लागला की वेग पडतो, आडोशाचा फायदा उरत नाही. तेथे ज्याने त्याने आपल्या दमाने चढावे आणि पुढे गेलेल्याने खंडाळ्यास थांबावे. शेजारच्या द्रुतगती मार्गावर सायकलीस मनाई आहे, हेही नवख्याने ध्यानात ठेवावे.

ही आळीपाळी रस्त्यावर सर्वांना समजते. घरात मात्र ती चालत नाही. खोपोलीच्या एका चाळीत बैठकीला गेलो असता एका बाईंनी आम्हांस विचारले, "भाऊ, तुमच्या युनियनने यांना रविवार मिळवून दिला. माझा रविवार मी कोणाकडे मागायचा?" नवरा पहाटे पाचला निघणार म्हणून बाई चारला उठलेल्या. चहा त्यांनी केला, बाटल्या त्यांनी भरल्या. तो परत आल्यावर पोहे, घामाचे कपडे, मुलांची आंघोळ आणि बाजार हेही त्यांचेच. प्रश्न एका घरापुरता नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. या २९९ मिनिटांना साप्ताहिक सुट्टी नाही. घरातला वारा एकच माणूस सतत अंगावर घेत आहे, असा याचा अर्थ.

कामगार आणि सायकल यांचे नाते जुने आहे. इंग्लंडात १८९४ साली समाजवादी कामगारांनी 'क्लॅरियन' सायकल मंडळ काढले. जर्मनीत १८९६ साली कामगार सायकलस्वारांचा 'सॉलिडॅरिटेट', म्हणजे एकजूट, या नावाचा संघ निघाला. १९३३ साली नाझी राजवटीने त्यावर बंदी घातली. रविवारी एकत्र फिरणारी माणसे सोमवारी एकत्र उभी राहतात, हे राज्यकर्त्यांना ठाऊक होते. आमच्या गटांनीही हे नाव सार्थ करावे. मात्र जी एकजूट उंबऱ्यापाशी संपते ती अर्धी होय.

म्हणून चार नियम सुचवितो. आपला चहा व आपली बाटली आपण करावी. परतल्यावर आपले कपडे आपण धुवावे. नऊच्या आत घरी यावे आणि बाजार आपल्याकडे घ्यावा. चौथा नियम मुख्य : एका रविवारी नवरा गेला, तर पुढच्या रविवारी त्याने घर सांभाळावे आणि तो दिवस बाईचा समजावा. तिने सायकल काढावी, माहेरी जावे किंवा नुसते निजावे. त्याचा जाब कोणी विचारू नये. हे नियम पाळणाऱ्या गटाचा वेग थोडा कमी होईल, एखादा रविवार चुकेल. पण १८९० च्या सभेत ज्या दोन स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या, त्यांच्या मागणीतला राहिलेला अर्धा भाग त्याने फिटेल.