पंपाचा स्टार्टर : कार्य आणि निगा

ऐन पाण्याच्या पाळीत मोटार जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च येतोच. पण मोटार परत बसेपर्यंत उभे पीक सुकते, ते नुकसान जास्त असते. थ्री फेज मोटारीची राखण करण्यासाठीच स्टार्टर बसवलेला असतो. मात्र बहुतेक ठिकाणी त्याच्याकडे चालू-बंद करण्याचे बटण एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते.

साध्या डायरेक्ट ऑन लाइन स्टार्टरची रचना समजण्यास अवघड नाही. हिरवे बटण दाबले की कॉइलमधून वीज वाहते, तिच्या गाभ्याचे लोहचुंबक बनते आणि समोरचा सरकता भाग ओढला जाऊन तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट जुळतात. बटणावरचे बोट काढल्यावर एक छोटा जादा कॉन्टॅक्ट कॉइलचा पुरवठा चालू ठेवतो. लाइट गेली की चुंबकाची ओढ संपते, स्प्रिंग कॉन्टॅक्ट मागे ढकलते आणि स्टार्टर सुटतो. म्हणून या कॉइलला नो-व्होल्ट कॉइल म्हणतात. लाइट परत आल्यावर मोटार आपोआप सुरू होत नाही, ती यामुळेच.

दुसरा महत्त्वाचा भाग ओव्हरलोड रिले. यात दोन धातू एकावर एक जोडून केलेल्या पट्ट्या असतात. मोटार जादा अँपिअर घेऊ लागली की पट्ट्या तापून वाकतात आणि कॉइलचा पुरवठा तोडतात. पट्टी तापण्यास थोडा वेळ लागतो, त्यामुळे मोटार सुरू होतानाचा क्षणभराचा मोठा प्रवाह रिले सहन करतो. रिलेची चकती मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावावी. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला साधारण साडेसात अँपिअर लागतात. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वायंडिंगच्या मार्गात असतो. तेथे पाटीवरील आकड्याच्या ०.५८ पट धरावे. व्होल्टेज कमी असताना रिले वारंवार पडतो म्हणून चकती वाढवून ठेवणे म्हणजे राखणदाराला झोपवून ठेवण्यासारखे आहे.

मोटारी जळण्याचे मोठे कारण म्हणजे एक फेज जाणे. चालू मोटारीची एक फेज गेली तरी ती थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधून ती सुमारे पावणेदोन पट किंवा त्याहून जास्त प्रवाह ओढते आणि थोड्याच वेळात वायंडिंग काळे पडते. येथे कॉइलच्या भरवशावर राहता येत नाही. कॉइल दोनच फेजवर चालते. तिसरी गेली तर तिला पत्ताही लागत नाही. शिवाय फिरती मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच काही दाब उभा करते. त्यामुळे मोटार चालू असताना टेस्टर तिन्ही तारांवर पेटलेला दिसतो आणि पुष्कळांची फसगत होते. तिन्ही फेजची खात्री व्होल्टमीटरवर दोन-दोन फेजमधील दाब पाहूनच करावी. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घेणे उत्तम. रिवाइंडिंगच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

स्टार्टर सुटू नये म्हणून त्यात लाकडी पाचर ठोकणे, रिलेला बगल देऊन तार जोडणे, किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची तार घालणे हे प्रकार सर्रास दिसतात. हे तिन्ही बंद करावेत. ऑटो स्विचही विचार करूनच लावावा. लाइट येताच डीपीवरील सर्व मोटारी एकदम सुरू झाल्या तर व्होल्टेज कोसळते. त्यातच कोणी विहिरीत उतरून पंपाचे काम करीत असेल तर त्याच्या जिवावर बेतते.

महिन्यातून एकदा स्टार्टर उघडून पाहावा. उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत आणि ते आपल्या खिशात ठेवावेत. कोरड्या ब्रशने धूळ, मुंग्या, कुंभारणीचे घर साफ करावे. पाली शिरण्याची भोके बुजवावीत. सैल स्क्रू आवळावेत, कारण सैल जोडाजवळ तार तापते आणि कालांतराने तीच फेज तुटते. कॉन्टॅक्ट काळे पडले तर घाबरण्याचे कारण नाही. त्यावर चांदीचा मुलामा असतो आणि तो काळा पडला तरी वीज वाहते. कानस किंवा पॉलिश पेपर मारून तो घालवू नये. खोल खड्डे पडले असतील तर तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट एकदमच बदलावेत.

स्टार्टर घुर्र आवाज करीत असेल तर चुंबकाच्या तोंडावर धूळ किंवा गंज असतो, अथवा व्होल्टेज कमी असते. कपड्याने तोंड पुसूनही आवाज राहिला तर चुंबकावरील तांब्याची कडी तुटली आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. असा घुरघुरणारा स्टार्टर तसाच चालवला तर कॉइल जळते.

पावसाळ्यात मोटार बरेच दिवस बंद राहिली असेल तर सुरू करण्यापूर्वी मेगरने इन्सुलेशन तपासून घ्यावे. एक मेगओहमपेक्षा कमी भरल्यास मोटार आधी वाळवावी. स्टार्टरची पेटी आणि मोटारीचे अंग दोन्ही अर्थिंगला जोडलेले असावेत आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. ओल्या हाताने किंवा चिखलात अनवाणी उभे राहून बटण दाबू नये. स्टार्टरखाली कोरडी लाकडी फळी टाकून ठेवावी.